नऊ खळग्यांचा कैवार

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेस लागलेला प्रवासी सुमारे चाळीस किलोमीटरांवर कापूरहोळास येतो. येथे हमरस्त्यास फाटे फुटतात; एक दक्षिणेस भोराकडे उतरतो, दुसरा पूर्वेस नारायणपुरावरून सासवडास जातो. फाट्यावर उभे राहून पूर्वेस पाहावे तो पुरंदर, पश्चिमेस दृष्टी लांबवावी तो राजगड-तोरण्याच्या रांगा, आणि मध्ये शिवगंगा, गुंजवणी व नीरा यांच्या खोऱ्यांकडे उतरत गेलेल्या असंख्य लहानमोठ्या टेकड्या. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, तेव्हा त्यांस दूध पाजण्यासाठी जी धाराऊ गडावर गेली ती या कापूरहोळची. एवढा मान ज्या गावाच्या वाट्यास आला, त्या गावाच्या टेकड्यांविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. आणि म्हणूनच आज जे बोलावयाचे ते स्पष्ट बोलावयाचे असे आम्ही ठरविले आहे.

शहराच्या चोहोंकडील डोंगरांकडे आता धनिकांची दृष्टी वळली आहे. डोंगरात बंगल्यांची वसाहत उठावयाची म्हटली की तिच्या जाहिरातीत एक तलाव असतो, एक विश्रामगृह असते, आणि पुष्कळदा या सर्वांवर कळस म्हणून गोल्फचे मैदान असते. हे मैदान म्हणजे अर्थातच अठरा खळग्यांचे, बारमाही हिरवेगार, आणि टेकड्या कापून व दऱ्या भरून सपाट केलेले. याच्या विरुद्ध बाजूस दुसरा एक पक्ष आहे. गोल्फ ही परक्या साहेबाची चैन असून तिचा वारासुद्धा आमच्या खेड्यांस लागू नये, असे त्याचे म्हणणे. आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. आमचे म्हणणे असे की, भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत हा खेळ यावयाचाच असेल तर तो आखूड पल्ल्याच्या, डोंगराच्या अंगाखांद्यावर आहे तसाच मांडलेल्या, नऊ खळग्यांच्या मैदानाच्या रूपाने यावा. आणि तसा येणार नसेल तर मुळीच येऊ नये. या मताचे समर्थन करण्यासाठी हा लेख.

प्रथम गोल्फच्या अभिमान्यांचा समाचार घेऊ. नऊ खळग्यांचे मैदान म्हणजे अर्धा गोल्फ, आखूड मैदान म्हणजे बायकामुलांचा गोल्फ, आणि डोंगराळ मैदान म्हणजे दैवाचा खेळ, अशी या मंडळींची त्रिसूत्री आहे. आम्ही विचारतो, अठरा हा आकडा कोणत्या शास्त्राने सिद्ध झाला? १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ येथील खेळाडूंनी या खेळाचे पहिले तेरा नियम लेखी केले, तेव्हा लीथच्या मैदानावर खळगे होते अवघे पाच. सेंट अँड्र्यूज येथे एका फेरीत बावीस खळगे खेळले जात. १७६४ साली तेथील मंडळींस आरंभीचे चार खळगे फार जवळजवळ वाटले म्हणून त्यांनी त्या चारांचे दोन केले. तेच दोन जाताना व तेच येताना खेळले जात असल्यामुळे बावीसाचे अठरा झाले. पुढे त्या गावाच्या मंडळाचे वजन वाढले आणि त्याच्या सोयीचा आकडा जगाचा धर्म ठरला. अठरा पुराणांप्रमाणे अठरा खळगेही अनादि आहेत असे समजणाऱ्यांनी हा इतिहास एकदा नीट वाचावा.

याहून बोलके उदाहरण पुढेच आहे. गोल्फमध्ये ज्या स्पर्धेस सर्वांत जुना मान, ती ब्रिटिश ओपन स्पर्धा १८६० साली प्रेस्टविक येथे सुरू झाली. प्रेस्टविकचे मैदान बारा खळग्यांचे होते. त्याच्या तीन फेऱ्या करून छत्तीस खळग्यांचा निकाल लावीत. पुढे हीच स्पर्धा १८७४ पासून १८८९ पर्यंत सहा वेळा मसलबरा येथे झाली, आणि मसलबराचे मैदान होते नऊ खळग्यांचे! चार फेऱ्या केल्या की छत्तीस झाले. ज्या मैदानावर सहा जगज्जेते ठरले ते मैदान अर्धे आणि त्यावरील खेळ अर्धा, असे म्हणण्याचे धाडस आमचे आधुनिक अभिमानी करतील काय? १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची गोल्फ स्पर्धा काँपिएन येथे नऊ खळग्यांवर झाली आणि मार्गारेट अ‍ॅबट या अमेरिकन युवतीने ती सत्तेचाळीस टोल्यांत जिंकली. इतके दूर कशास? सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनीच २०१६ सालापासून हौशी खेळाडूंसाठी नऊ खळग्यांची स्पर्धा सुरू केली, आणि २०२० साली जगभर जी एकच गुणांकनपद्धती लागू झाली तीत नऊ खळग्यांचा निकाल ग्राह्य धरला आहे. गादीने मान्य केले, पण मठातील शिष्य अद्याप ऐकत नाहीत, असा हा प्रकार आहे.

आता लांबीचा प्रश्न घेऊ. अठरा खळग्यांच्या मोठ्या मैदानाची लांबी सहा ते सात हजार वार असते, आणि स्पर्धांच्या मैदानांची त्याहूनही अधिक. ही लांबी का वाढली? खेळाडूंची बुद्धी वाढली म्हणून नव्हे. दांडे धातूचे झाले, चेंडू अधिक चपळ झाले, टोल्याचा पल्ला वाढला. तेव्हा जुनी मैदाने अपुरी वाटू लागली आणि ती ओढून लांब केली गेली. मैदान लांबले की अधिक दूर जाणारा चेंडू हवा, आणि तो आला की आणखी लांब मैदान हवे! या शर्यतीचा शेवट कोठेच नाही हे खेळाच्या धुरीणांसही उमगले, आणि २०२३ साली त्यांनी चेंडूचा पल्ला कमी करणारा नियम जाहीर केला. म्हणजे चेंडूस लगाम घालावयाची वेळ आली; परंतु त्या चेंडूच्या पाठीमागे धावताना गिळलेली जमीन कोण परत देणार? जेथे एकरी हिशेब शेतकऱ्याच्या पोटाशी बांधलेला आहे, तेथे ही शर्यत आणणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातून आपली हौस भागविणे होय.

परंतु मैदान लहान म्हणजे खेळ सोपा, हा जो समज आहे त्याचेही खंडन केले पाहिजे. कारण तो समज डोंगर न चढलेल्यांचा आहे. सपाट मैदानावर उभ्या राहिलेल्या माणसास आपल्या पायांचा विचार करावा लागत नाही. डोंगरावर पहिला प्रश्न पायांचाच येतो. चेंडू पायांहून उंच पडला तर उजव्या हाताच्या खेळाडूचा टोला डावीकडे ओढला जातो. पायांहून खाली पडला तर उजवीकडे निसटतो. चढणीवरून मारलेला चेंडू उंच उडतो व अलीकडेच पडतो. उतारावरून मारलेला चेंडू जमिनीलगत सुटतो व पडल्यावर धावतच राहतो. खळगा वर असेल तर दीडशे वारांच्या टोल्यास पावणेदोनशे वारांचा जोर लावावा लागतो. खाली असेल तर तोच जोर चेंडूस खळग्यापलीकडच्या घळीत नेऊन सोडतो. सपाटीवर अंतर डोळ्यांनी मोजता येते. डोंगरावर डोळाच फसवितो, आणि गुडघ्यांस विचारून अंतर ठरवावे लागते. त्यात वारा म्हणजे खिंडीतून येणारा; तो ध्वजाजवळ एक बोलतो आणि आपल्या कानाशी दुसरेच.

आम्ही स्वतः हा खेळ अशाच एका डोंगरी मैदानावर, प्रौढपणी आणि बेताबेतानेच शिकलो. नऊ खळगे, सगळी मिळून दोन हजार वारांच्या आतबाहेर लांबी. एकही खळगा असा नव्हता की जेथे उभ्या जागेवरून सरळ टोला मारून सुटका व्हावी. तिसऱ्या खळग्याचा ध्वज टेकाडामागे दडलेला असे. पुढच्या मंडळींनी हिरवळ सोडली की ती एका लोखंडी घंटेवर टोल देत, आणि मग आम्ही आभाळाकडे तोंड करून चेंडू उडवीत असू. सहाव्या खळग्यास चढणीवर चेंडू थोडका पडला की तो परत लोळत आपल्याच पायाशी येई. प्रथम प्रथम आम्हांस याचा फार राग येई. पुढे ध्यानात आले की डोंगर अन्याय करीत नाही. त्याच्या उताराचा नियम कालचा तोच आज असतो, आणि तो न वाचता टोला मारणे हा आपला उतावळेपणा असतो. दैवाचा खेळ म्हणून डोंगराळ मैदानास नावे ठेवणारे बहुधा दुसऱ्यांदा तेथे आलेले नसतात. जो दहादा येतो त्यास उतार पाठ होतात; आणि ज्यास उतार पाठ झाले त्याच्यापुढे दणकट मनगटांचा तरुणही हार खातो. साठी उलटलेल्या गृहस्थांनी पंचविशीतील गड्यास चार दांडे घेऊन हरविल्याचे आम्ही त्या मैदानावर पाहिले आहे. खेळाने बळास बुद्धीपुढे नमवावे, याहून खेळाकडून अधिक अपेक्षा ती काय करावयाची?

वेळेचाही विचार करावा. अठरा खळग्यांस चार-पाच तास लागतात. नऊ आखूड खळगे दीड-दोन तासांत संपतात. ज्याचे पोट नोकरीवर आहे, जिच्यामागे घर आहे, ज्यास शाळा सुटल्यावर दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचावयाचे आहे, त्यांस चार तासांचा खेळ म्हणजे दुरून पाहावयाची वस्तू होय. आणि खर्चाचे म्हणाल, तर नियमाने चौदा दांडे बाळगण्याची मुभा आहे, सक्ती नव्हे. ती मर्यादासुद्धा खेळाडू वीस-वीस, पंचवीस-पंचवीस दांडे वाहवू लागले म्हणून १९३८-३९ च्या सुमारास घालावी लागली. स्पेनचा सेव्हे बाल्येस्तेरोस हा लहानपणी एकच दांडा घेऊन समुद्रकाठच्या वाळूत शिकला, आणि पुढे तीन वेळा ब्रिटिश ओपन जिंकला. डोंगरी आखूड मैदानास चार दांडे पुष्कळ होतात.

हे झाले खेळाच्या बाजूने. आता मुख्य मुद्द्यास, म्हणजे पाण्यास येऊ. कारण कापूरहोळच्या परिसरात ज्या गोष्टीचा विचार पाण्यापासून सुरू होत नाही ती गोष्ट विचारात घेण्यास योग्यच नव्हे. भोराजवळ भाटघर येथे वेळवंडीवर एकोणिसाव्या शतकातच धरण झाले; पुढे त्याच्या जागी लॉइड धरण या नावाचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले. त्या जलाशयाखाली गेली ती भोराकडील माणसांची गावे व शेते. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून जाते ते बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस इकडे. तिकडच्या शेतकऱ्याचा आम्हांस हेवा नाही. त्याच्या उसास व ज्वारीस पाणी मिळाले हे चांगलेच झाले. परंतु धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण ज्या मुलखास रोज आठवते, त्या मुलखात केवळ गवत हिरवे राखण्यासाठी पाणी मागणाऱ्याने आधी आपला हिशेब मांडावा.

तो मांडीत नाही, म्हणून आम्ही मांडतो. उन्हाळ्यात गवत हिरवे ठेवण्यास जमिनीवर रोज पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरू; हे काही अतिशयोक्त नव्हे. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर. तेव्हा एका एकरास दिवसाकाठी वीस हजार लिटर पाणी झाले. अठरा खळग्यांचे मैदान सव्वाशे-दीडशे एकर जमीन खाते. त्यातील ऐंशी एकरच हिरवे राखावयाचे म्हटले तरी रोजचे सोळा लाख लिटर. सरकारच्या जलजीवन योजनेने २०१९ पासून खेड्यातील माणशी प्रमाण धरले आहे रोजचे पंचावन्न लिटर. त्या प्रमाणाने सोळा लाख लिटर म्हणजे एकोणतीस हजार माणसांचे पाणी. भोर शहराच्या वस्तीहूनही अधिक! चैत्र-वैशाखात डोंगराच्या वाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात त्याच दिवसांत, त्याच खोऱ्यात, एकोणतीस हजार माणसांचे पाणी चेंडूच्या वाटेवर शिंपडावयाचे, आणि त्यास विकास म्हणावयाचे, हे आमच्याने होणार नाही.

आता नऊ खळग्यांचा हिशेब पाहा. डोंगराच्या उतारावरील गवत पावसाने वाढावे व उन्हाने पिवळे व्हावे. त्यास पाणी द्यावयाचेच नाही. पाणी द्यावयाचे ते केवळ खळग्याभोवतीच्या हिरवळीस व टोला मारण्याच्या ओट्यास. हिरवळ चारशे चौरस मीटर व ओटा शंभर धरला, तर नऊ ठिकाणचे मिळून साडेचार हजार चौरस मीटर. म्हणजे रोजचे साडेबावीस हजार लिटर. पहिल्या हिशेबाच्या सत्तराव्या हिश्श्याच्या आसपास! आणि तेवढेही देणे गावास जड असेल तर तोही खर्च टाळता येतो. आपल्या देशातील जुन्या छावण्यांत हिरवळीच्या जागी वाळूची वर्तुळे असत; खेळाडू त्यांस ब्राउन म्हणत. वाळू दाबून सारखी करावयाची, आणि खेळून झाले की झाडूने पाऊलखुणा पुसावयाच्या. त्या काळी वाळूत तेल मिसळीत, त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु वाळूवरही खेळता येते, आणि जे तेथे खेळले त्यांनी गोल्फच खेळला, एवढे त्यावरून सिद्ध होते.

“पिवळ्या गवतावर गोल्फ! मग शोभा ती काय राहिली?” असे कोणी म्हणेल. आम्ही त्यास उलट विचारतो की, हा खेळ जेथे जन्मला त्या स्कॉटलंडच्या समुद्रकाठी शतकानुशतके गवतास पाणी कोण देत होते? आभाळ देत होते. आणि गवत कापीत कोण होते? मेंढ्या व ससे. कोरड्या दिवसांत जमीन घट्ट व पिंगट होई, चेंडू टणक भूमीवर धावे, आणि तो कोठे थांबेल याचा अंदाज बांधणे यातच खेळाची गोडी होती. सह्याद्रीच्या टेकड्यांचेही तसेच आहे. आषाढात त्यांचा हिरवा रंग पाहावा, मार्गशीर्षात सोनेरी पाहावा, फाल्गुनात तपकिरी पाहावा. बारमाही हिरवेपणा हा या डोंगराचा स्वभाव नव्हे. तो बाहेरून चढविलेला रंग आहे. ज्यास डोंगराचा एकच रंग सहन होतो त्याने डोंगरात येऊच नये.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे गोल्फ हा आपला खेळ नव्हे असे म्हणणाऱ्यांकडे वळू. यांच्या म्हणण्यात रागाचा अंश फार आहे, आणि तो राग निष्कारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. कलकत्त्याचे गोल्फ मंडळ १८२९ सालचे, मुंबईचे १८४२ सालचे. म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेर हा खेळ प्रथम रुजला तो आमच्याच भूमीत. परंतु आमच्या माणसास त्यात प्रवेश मिळाला तो बहुधा पिशवी वाहणारा म्हणून. हिंदी व युरोपीय अशा दोघांस सभासदत्व देणारे विलिंग्डन मंडळ मुंबईस निघावयास १९१८ साल उजाडावे लागले, आणि तेही श्रीमंतांपुरतेच. हे सर्व खरे. परंतु दांड्याने लहानशी वस्तू दूर उडवावी आणि अंतर मोजावे यात परके ते काय आहे? ज्या पोराने वकट, लेंड, मूंड म्हणत विटी भिरकाविली आहे, त्यास गोल्फचा दांडा हाती दिल्यावर तो कोणत्या टोकास धरावयाचा हे शिकवावे लागत नाही. खेळ परका नसतो. त्याभोवतीचे कुंपण परके असते.

या कुंपणाविषयी एक आठवण सांगितली पाहिजे. मघाशी सांगितलेल्या मैदानावर आमची पिशवी वाहणारा मुलगा बारा-तेरा वर्षांचा होता. चौथ्या खळग्यास आम्ही नित्य चुकत असू, एके दिवशी तो न राहवून म्हणाला, “सायेब, ध्वजाकडं नगा बघू. त्या बोराटीच्या झाडाकडं मारा, मग चेंडू आपसूक येतुया खाली.” आम्ही तसे केले, आणि चेंडू झाडाखाली पडून उतारावरून लोळत लोळत ध्वजापाशी जाऊन थांबला. आम्ही आनंदाने दांडा त्याच्या हाती दिला व म्हटले, “आता तू मार.” त्याने तो घेतला नाही. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “आमाला हितं मारायला बंदी हाय.” ज्या पोरास त्या डोंगराचा प्रत्येक उतार ठाऊक होता, ज्याच्या बापजाद्यांनी त्याच उतारावर गुरे चारली होती, त्यास तेथे चेंडूस स्पर्श करण्याची मुभा नव्हती, आणि आम्हांस, ज्यांस चौथा खळगाही धड खेळता येत नव्हता, पैशाच्या बळावर ती होती. त्या दिवशी पुढचे पाच खळगे आम्ही कसे खेळलो ते आठवत नाही.

ही बंदी उठली म्हणजे काय होते याचे दाखले थोडे नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे हिंदी वंशाचा पापवा सेवगोलम नावाचा एक पिशवी वाहणारा मुलगा होता. त्यास कोणी शिकविले नाही. डावा हात खाली व उजवा वर अशी जगाच्या उलट मूठ धरून तो आपला आपण शिकला. त्याने १९५९ साली डच ओपन जिंकली, १९६० साली पुन्हा जिंकली, आणि १९६४ साली तिसऱ्यांदा. १९६३ साली त्याने दरबानातच गोऱ्या खेळाडूंस हरवून नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्यास मंडळाच्या इमारतीत पाऊल टाकता आले नाही. बाहेर पावसात उभे राहून त्याने आपला चषक स्वीकारला. आमच्याकडे दिल्लीच्या मैदानावर लहानाचा मोठा झालेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय धंदेवाईक खेळाडू ठरला. कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा चौरसिया हा २००८ साली दिल्लीस झालेल्या इंडियन मास्टर्स स्पर्धेत युरोपच्या नामांकित खेळाडूंस मागे टाकून विजयी झाला. गुण मैदानाच्या कडेस उभा असतो. त्यास आत येऊ देणे एवढेच काम असते. अठरा खळग्यांचे, बंगल्यांनी वेढलेले, पहारेकऱ्यांनी राखलेले मैदान त्यास आत येऊ देणार नाही, कारण न येऊ देणे हेच त्याच्या विक्रीचे भांडवल आहे. गावाचे लहान मैदान मात्र येऊ देऊ शकते.

“गावाचे गोल्फ मैदान” हे शब्द ऐकून हसणाऱ्यांस आम्ही पुन्हा सेंट अँड्र्यूजकडेच नेतो. या खेळाची काशी जी, तेथील भूमी कोणाही धनिकाच्या मालकीची नाही. १८९४ साली पार्लमेंटने खास कायदा करून ती गावाच्या ताब्यात दिली. जुन्या मैदानावर रविवारी सामान्यतः खेळ बंद असतो. त्या दिवशी गावची माणसे पोरेबाळे, कुत्री घेऊन त्यावरून फिरतात, आणि कोणी त्यांस हटकीत नाही. म्हणजे ज्याची नक्कल आमचे धनिक करू पाहतात, ते मूळ म्हणजे गावाचे गायरानच आहे! नक्कल करावयाची तर संपूर्ण करावी. हिरवा रंग तेवढा उचलावयाचा आणि गावाचा हक्क तेथेच ठेवून यावयाचा, ही नक्कल नव्हे. ही चोरी होय. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करून त्या ग्रामस्थांच्या सामाईक उपयोगासाठी परत देण्याचा आदेश राज्यांस दिला आहे, हे टेकड्यांचे नकाशे काढीत बसलेल्यांनी विसरू नये.

कोणी म्हणतील, तुम्ही डोंगराच्या कैवारी म्हणविता, मग डोंगरावर खेळ तरी कशास? या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून आमच्या मर्यादा सांगतो. इंग्लंडात पेन्सविक येथे एका प्राचीन दुर्गाच्या तटबंदीतून गोल्फ खेळतात. आमच्या पुरंदरास, राजगडास, तोरण्यास, त्यांच्या माच्यांस व पायथ्यास असल्या कल्पनेचा स्पर्शही होता कामा नये. जेथे देवराई आहे, जेथे झरा आहे, जेथे शेत आहे, तेथेही नको. उरते ती उघड्या टेकडीची, गवताची, खडकाळ जमीन. तीही तीसएक एकर पुरे. सिमल्यापलीकडे नालदेहरा येथे देवदारांच्या डोंगरावर लॉर्ड कर्झन यांच्या काळी नऊ खळग्यांचे मैदान झाले. ती जागा त्यांस इतकी प्रिय झाली की १९०४ साली जन्मलेल्या कन्येच्या नावात त्यांनी तिचे नाव गोविले. कर्झनशाहीचे आम्ही भक्त नव्हे; परंतु डोंगर आवडला म्हणून तो सपाट करावा असे त्या अहंमन्य व्हाइसरॉयासही वाटले नाही, एवढे त्यावरून घेण्यासारखे आहे.

तेव्हा आमच्या अटी या. डोंगराचा माथा कापू नये व घळ भरू नये. खळगा कोठे असावा हे उताराने सांगावे, यंत्राने नव्हे. उन्हाळ्यात गावाचे टँकर सुरू झाले की मैदानाचे पाणी त्याच दिवशी बंद व्हावे. जमिनीची मालकी गावाची राहावी, आणि ग्रामसभेची संमती उघड्या सभेत घेतली जावी. खेळ नसेल त्या वेळी गुरे व मेंढरे तेथे चरावीत. धनगराची मेंढरे ही गवत कापण्याच्या यंत्राहून वाईट कापीत नाहीत. आणि शेवटची अट, जिच्यावाचून बाकीच्या सर्व व्यर्थ: गावच्या प्रत्येक मुलामुलीस तेथे विनामूल्य खेळता यावे. या अटी ज्यास जाचक वाटतील त्यास गोल्फ नको असून केवळ जमीन हवी आहे, असे खुशाल समजावे.

धाराऊने दूध दिले ते मागून घेतलेले, सन्मानाने दिलेले आणि कृतज्ञतेने आठवलेले दान होते. आज कापूरहोळपाशी व त्याच्या पलीकडे भोर-वेल्ह्यात टेकडी व पाणी मागावयास जे कोणी येतील, त्यांच्याही मागण्यास काही रीत असावी, एवढेच आमचे सांगणे. नऊ खळगे पुरे मानणाऱ्याशी बोलणी करता येतील. अठरांचा हट्ट धरणाऱ्यास फाट्यावरूनच परत जाण्याची वाट दाखवावी.